परसातल्या दहा कोंबड्या : कोणती जात कोणत्या कामाची?

ज्या घराला गुंठाभर शेत नाही, त्या घरालाही पाळता येते ती कोंबडी. गाय-म्हैस ठेवायची तर वैरण हवी, शेळी ठेवायची तर तिच्यामागे हिंडायला माणूस हवे. कोंबडी मात्र सकाळी खुराड्याबाहेर पडते, उकिरडा उकरते, किडेमुंग्या टिपते आणि दिवस मावळला की आपणहून घरी येते. म्हणूनच मजुरीवर चालणाऱ्या आपल्या घरांत कोंबडी पिढ्यान्‌पिढ्या राहिली. पोराची वही, आजारपणात दवाखान्यापर्यंतचे एस.टी.चे भाडे, महिनाअखेरीचे तेल-मीठ असे किती तरी खर्च आयाबायांनी अंड्यांच्या पैशांतून भागवले आहेत. नवऱ्याच्या हाती मजुरी आली नाही त्या आठवड्यातही हा पैसा घरात येत राहिला.

अशी ही घरची लक्ष घालण्याजोगी गोष्ट. पण जात निवडताना मात्र आपण लक्ष घालत नाही, असे आम्हाला दिसते. बाजारच्या दिवशी कोणी टोपलीत पिल्ले घेऊन बसतो, कोणी सायकलवरून दारात येतो. गुलाबी, हिरव्या रंगात बुडवलेली पिल्ले पाहून पोरे हट्ट धरतात आणि आपण दहा-वीस पिल्ले घेऊन टाकतो. ही रंगवलेली पिल्ले बहुतेक वेळा अंडी देणाऱ्या पांढऱ्या जातीचे नर असतात. मोठ्या उबवणी केंद्राला त्यांचा उपयोग नसतो म्हणून ती स्वस्तात बाहेर पडतात. ती अंडी देणार नाहीत, अंगानेही भरणार नाहीत. त्यात लस टोचलेली नसली, तर आठवडाभरात अर्धी मरतात. मग आपण म्हणतो, "आपल्याला कोंबड्या लाभत नाहीत." लाभण्या-न लाभण्याचा येथे काही संबंध नाही. जात कोणती आणि तिची निगा कशी, एवढाच प्रश्न आहे.

पिल्ले घेण्याआधी घरात बसून तीन गोष्टी ठरवाव्यात. अंडी मुख्यतः घरी खायची की विकायची? परसात मोकळी जागा किती, आणि घार, मुंगूस, कुत्री यांचा त्रास किती? दिवसा घरी लक्ष द्यायला कोण असते? या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की जात निवडणे सोपे जाते.

गावरान : घरची आई

आधी आपली गावरान कोंबडी पाहू. ती वर्षाला साठ-सत्तर अंडी देते आणि तीही आकाराने लहान. या हिशेबाने ती तोट्याची वाटते. पण तिचे गुण दुसरीकडे आहेत. ती चपळ असते, रंगाने मातीत मिसळून जाते, घारीची सावली दिसताच पिल्लांना पंखाखाली घेते. खायला कमी लागते. सर्वांत मोठा गुण म्हणजे ती खुडूक बसते. दहा-बारा अंडी तिच्याखाली ठेवली की एकविसाव्या दिवशी पिल्ले बाहेर येतात आणि पुढे दोन महिने ती त्यांना सांभाळते. वीज नको, यंत्र नको. तिच्या अंड्याला आणि कोंबड्याला बाजारात भावही चढा मिळतो.

असील आणि कडकनाथ

असील ही उंच, ताठ मानेची, दणकट जात. आंध्र, तेलंगण, छत्तीसगडकडे ती फार. हिचा कोंबडा भांडखोर, म्हणून झुंजीसाठी तो पाळतात. प्राण्यांना झुंजवणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे आणि झुंजीवर पैसे लावून कित्येक घरांची राखरांगोळी होते, ते वेगळेच. असीलची कोंबडी अंडी फार थोडी देते, पण ती आई म्हणून उत्तम. परसात दोन असील कोंबडे मात्र एकत्र ठेवू नयेत.

कडकनाथ ही मध्य प्रदेशातल्या झाबुआ, अलिराजपूर, धार भागांतल्या भिल्ल-भिलाला आदिवासींनी जपलेली जात. पिसे, कातडी, तुरा, मांस, इतकेच काय हाडांवरही काळी झाक. झाबुआच्या कडकनाथ मांसाला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. अंडी मात्र काळी नसतात, फिकट तपकिरी असतात. काळे अंडे दाखवून कोणी विकत असेल तर ती फसवणूक समजावी. मांसात चरबी कमी असते हे खरे, पण त्याने अमुक रोग बरा होतो, तमुक दुखणे जाते, या गोष्टींवर विसंबू नये. ही कोंबडी खुडूकही फारशी बसत नाही.

कडकनाथबद्दल आणखी एक सावधगिरीची गोष्ट. "पिल्ले आमच्याकडून घ्या, अंडी आणि पक्षी आम्हीच चढ्या भावाने परत घेऊ," अशा योजनेत पश्चिम महाराष्ट्रातल्या अनेक शेतकऱ्यांनी पैसे गुंतवले. २०१९ साली ती योजना कोसळली. पक्षी दारात उपाशी, खाद्याला पैसे नाहीत आणि घेणारा गायब, अशी लोकांची गत झाली. दोष त्या बिचाऱ्या काळ्या कोंबडीचा नव्हता. जो माल आपल्या गावच्या बाजारात आपल्याला स्वतः विकता येत नाही, त्यात दागिने गहाण टाकून उतरू नये, हा धडा घ्यावा.

सुधारित जाती

आता शास्त्रज्ञांनी परसासाठी मुद्दाम तयार केलेल्या जाती. हैदराबादच्या राजेंद्रनगर येथील कुक्कुट संशोधन संचालनालयाने वनराजा आणि ग्रामप्रिया या दोन जाती काढल्या. वनराजा रंगीत पिसांची, लांब पायांची, अंगाने भरणारी. परसात वर्षाला शंभराच्या आसपास अंडी देते. अंडी आणि मांस दोन्हींसाठी ती चांगली. मात्र तिला फुकटचे खाद्य जास्त घातले तर ती लठ्ठ होते आणि अंडी कमी करते. ग्रामप्रिया ही अंड्यांची कोंबडी. साडेपाच महिन्यांच्या आसपास ती अंड्यावर येते आणि नीट निगा ठेवली तर वर्षाला दीडशेच्या वर तपकिरी अंडी देते.

बंगळूरच्या कृषी विद्यापीठाने हेब्बाळ येथे तयार केलेली गिरिराजा आपल्याकडे अनेक वर्षांपासून परिचित आहे. ती लवकर वाढते, वजनाने भारी होते. पण भारी पक्ष्याला पळता-उडता येत नाही. कुत्र्यांचा सुळसुळाट असलेल्या वस्तीत कुंपण घातल्याशिवाय गिरिराजा सोडू नये.

ऱ्होड आयलंड रेड ही तांबूस-तपकिरी अमेरिकन जात आणि काळीभोर ऑस्ट्रेलॉर्प या दोन्ही आपल्या हवेत रुळल्या आहेत. अंडी चांगली, स्वभाव शांत. पांढरी लेगहॉर्न सर्वांत जास्त अंडी देते. मोठ्या फार्मवर तिचे वाण वर्षाला पावणेतीनशेच्याही पुढे जाते. पण ती पिंजऱ्यातली कोंबडी. पांढरा रंग घारीला लांबून दिसतो, तिला तोलून-मापून खाद्य लागते आणि ती खुडूक बसत नाही. परसात ती ठेवू नये, असे आमचे मत आहे.

अंड्याच्या कवचाबद्दलही एक गैरसमज आहे. कवच तपकिरी की पांढरे, हे जातीवर ठरते. पोषण दोन्हींत सारखेच. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम प्रथिने असतात.

उलट्या पिसांची कोंबडी

काही कोंबड्यांची पिसे उलटी वळलेली असतात, तर काहींच्या मानेवर पिसेच नसतात. उलट्या पिसांची कोंबडी दिसली की भगत-देवऋषी तिला करणी, उतारा यासाठी मागतात आणि भोळी माणसे दुप्पट-तिप्पट पैसे मोजतात. खरे कारण साधे आहे. हा आनुवंशिक गुण आहे. अशा पिसांतून अंगातली उष्णता लवकर बाहेर पडते, त्यामुळे कडक उन्हाळा ही कोंबडी चांगला सोसते. उत्तर प्रदेशात इज्जतनगर येथील केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने हाच गुण ओळखला. उलट्या पिसांच्या कोंबडीपासून उपकारी आणि उघड्या मानेच्या कोंबडीपासून हितकारी, असे परसासाठीचे संकर तयार केले. भगताने जी कोंबडी तिठ्यावर मारून टाकायला सांगितली, तिच्यापासूनच शास्त्रज्ञांनी गरिबाच्या दारची नवी कोंबडी घडवली. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. पण आपल्या दारातल्या कोंबडीपुरती तरी ही समज आपणच दाखवली पाहिजे.

मग घ्यायच्या कोणत्या?

आमचे सांगणे असे, की एकाच जातीवर भिस्त ठेवू नये. पाच ग्रामप्रिया अंड्यांसाठी, तीन वनराजा अंडी व वजनासाठी आणि दोन गावरान पिल्ले काढण्यासाठी, असा दहांचा कळप साध्या घराला पुरतो. हिशेब करून पाहू. पाच ग्रामप्रियांची साडेसातशे, तीन वनराजांची तीनशे, दोन गावरानांची एकशेवीस. वर्षाची जवळपास पावणेबाराशे अंडी. पिसे झडण्याचा काळ, आजारपण, फुटतूट वजा जाता आठवड्याला वीसेक अंडी धरावीत. पाच माणसांच्या घरात प्रत्येकाला आठवड्याला तीन अंडी मिळून पाच उरतात, ती विकता येतात. यातून बंगला बांधला जाणार नाही. पण पोरांच्या ताटात अंडे पडेल आणि बाईच्या हातात चार पैसे राहतील.

पिल्ले घेताना हेही ध्यानात धरा, की निवडलेली मादी पिल्ले नसतील तर वीस पिल्लांत निम्मे नर निघतात. दोन-तीन पिल्ले दगावतात. म्हणजे वीस घेतली तर हाती आठ-नऊ माद्या लागतात. पशुसंवर्धन खात्याची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे पुण्यात खडकीला, कोल्हापूरला, नागपूरला आहेत. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी केली तर कुठे कोणती पिल्ले मिळतील ते कळते. खात्रीच्या ठिकाणाहून, पहिल्या दिवशीची मरेक्स लस टोचलेली पिल्लेच घ्यावीत.

अनेकांना वाटते की कोंबडा असल्याशिवाय कोंबडी अंडे देत नाही. तसे नाही. कोंबडा फक्त पिल्ले काढण्यासाठी लागतो. आठ-दहा माद्यांना एक पुरे. आपल्यातली काही घरे कोंबडी कापत नाहीत, केवळ अंड्यांसाठी पाळतात. अशा घरांनी कोंबडा ठेवला नाही तरी चालेल. कोंबड्याविना आलेल्या अंड्यात जीव धरत नाही.

पिल्लांचे पहिले तीन आठवडे

बहुतेक पिल्ले मरतात ती याच काळात, आणि बहुधा थंडीने. पहिल्या आठवड्यात त्यांना सुमारे ३५ अंश सेल्सियस ऊब लागते; पुढे दर आठवड्याला ती दोन-तीन अंशांनी कमी करायची. पुठ्ठ्याचे मोठे खोके किंवा पत्र्याचे गोल कडे करावे, तळाला भाताचे तूस पसरावे, वर बल्ब टांगावा. एका पिल्लाला दोन वॅट धरले तर वीस पिल्लांना चाळीस ते साठ वॅट पुरतात. पण बल्ब जुना पिवळा हवा. आता घरोघरी असलेला एलईडी दिवा उजेड देतो, ऊब देत नाही. ऊब बरोबर आहे की नाही, हे पिल्लेच सांगतात. बल्बखाली एकमेकांवर चढली तर थंडी, लांब जाऊन चोच उघडून धापा टाकू लागली तर उष्णता जास्त, सगळीकडे पसरून टिपत राहिली तर बरोबर.

आल्या आल्या उकळून गार केलेल्या पाण्यात थोडा गूळ घालून ते पाजावे. पाण्याचे भांडे उथळ असावे, त्यात खडे टाकावेत, म्हणजे पिल्ले बुडत नाहीत. पहिल्या दिवशी कागदावर मक्याचा बारीक भरडा पसरावा. नंतर महिना-दीड महिना पिल्लांचे तयार खाद्य द्यावे. येथे काटकसर करू नये. लहानपणी उपाशी राहिलेली तलंग पुढे अंड्यावर उशिरा येते.

लस : एकट्याने नाही, मिळून

कोंबड्यांचा मोठा वैरी म्हणजे राणीखेत, आपल्याकडची मानमोडी. हिरवट-पांढरी हगवण, धाप, मान वाकडी होणे आणि दोन-चार दिवसांत खुराडे रिकामे. या रोगाला औषध नाही, लस आहे. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात टाकतात. चौदाव्या दिवसाच्या सुमारास गंबोरोची लस, चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा, सहाव्या आठवड्यात देवीची लस आणि आठव्या आठवड्यात पंखाखाली आर-टू-बी ही मानमोडीची लस टोचतात. आपल्या भागातला नेमका क्रम पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्यावा.

अडचण अशी, की लसीची कुपी निदान शंभर मात्रांची असते, ती बर्फात आणावी लागते आणि फोडल्यावर दोन तासांत वापरावी लागते. दहा कोंबड्यांसाठी कोण आणणार? म्हणून कोणीच आणत नाही. आणि एका घरातून सुरू झालेली मानमोडी सगळी वस्ती रिकामी करते. यावर उपाय वस्तीनेच करायचा. महिला मंडळाने किंवा बचत गटाने एक दिवस ठरवावा, दहा घरांनी वर्गणी काढावी, एकाने थर्मासमध्ये बर्फ घालून कुपी आणावी आणि सकाळी गार वेळेला सगळ्या कोंबड्यांना लस द्यावी. दहा घरांत विभागला तर खर्च चहाच्या पैशांत भागतो.

नवी कोंबडी बाजारातून आणली की दोन आठवडे वेगळी ठेवावी. खुराड्यातले तूस ओले राहिले की रक्ती हगवण लागते, म्हणून ते कोरडे ठेवावे. एकाएकी बऱ्याच कोंबड्या मेल्या तर त्या उघड्यावर फेकू नयेत, कापून खाऊ नयेत आणि विकूही नयेत, खात्याला कळवावे. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू आढळला, तेव्हा परसातल्या कोंबड्याही मारून पुराव्या लागल्या होत्या. लपवल्याने नुकसान टळत नाही, उलट वाढते.

खुराडे आणि खाद्य

खुराडे जमिनीपासून दोन-तीन फूट उंच, लाकडी पायांवर असावे. घूस, मुंगूस, साप यांपासून बचाव होतो. एका मोठ्या कोंबडीला दोन चौरस फूट जागा धरावी. हवा खेळती असावी, पण पावसाची झड आत येऊ नये. रात्री दार न विसरता लावावे.

परसात हिंडणाऱ्या कोंबडीला रोज सुमारे पन्नास ग्रॅम वरचे खाद्य पुरते. दहा कोंबड्यांना अर्धा किलो. कणी, ज्वारी-बाजरीचा भरडा, कोंडा, थोडी पेंड मिसळावी. भाजीवालीकडचा पाला, शेवग्याची पाने, घास द्यावा. शेण आणि काडीकचरा मडक्यात भरून वारुळाजवळ पालथे घातले की रात्रीत वाळवी जमते, ती पिल्लांना फार मानवते. अंड्यांचे कवच पातळ येत असेल तर शिंपल्यांचा चुरा ठेवावा. बुरशी लागलेला मका किंवा शेंगदाण्याची पेंड चुकूनही घालू नये, ती विषासारखी बाधते.

गावरानखाली ग्रामप्रिया

सुधारित जाती खुडूक बसत नाहीत, म्हणून त्यांची अंडी गावरान कोंबडीखाली ठेवून पिल्ले काढता येतात. अंडी सात दिवसांच्या आतली, मध्यम आकाराची, तडा नसलेली घ्यावीत. फ्रिजमधली घेऊ नयेत. सातव्या रात्री कागदाच्या नळीतून बॅटरीचा उजेड टाकून पाहावे. आत लाल शिरांचे जाळे दिसले तर पिल्लू आहे. स्वच्छ दिसले तर अंडे काढून घ्यावे. विजा कडाडल्या की अंडी नासतात, म्हणून घरट्यात लोखंड किंवा कोळसा ठेवतात. त्याचा काही उपयोग नसतो. अंडी नासतात ती ओल, उकाडा किंवा कोंबडी वारंवार उठण्याने.

मात्र एक समजून घ्या. वनराजा, ग्रामप्रिया हे संकर आहेत. त्यांच्या अंड्यांतून निघालेली पुढची पिढी आईइतकी अंडी देत नाही. म्हणून दोन-अडीच वर्षांनी नवी पिल्ले केंद्रातून आणावीच लागतात. गावरान वाण मात्र आपले आपल्याला राखता येते. ते घालवू नका.

अंडी कोणाची?

शेवटी, ज्याविषयी घरात कोणी बोलत नाही ते सांगतो. खुराडे साफ करते बाई, पिल्लांसाठी रात्री उठते बाई. आणि पाहुणा आला की न विचारता कोंबडी धरली जाते, अंड्यांचे पैसे कोणाच्या तरी खिशात जातात. काही घरांत सगळी अंडी विकून पोरांना त्या पैशांचे बिस्कीट आणतात. अंडे विकून बिस्कीट खाणे हा तोट्याचा व्यवहार आहे. आधी पोरांच्या, गरोदर सुनेच्या आणि स्वतः राबणाऱ्या बाईच्या ताटात अंडे, उरेल ते बाजारात. आणि त्याचा पैसा तिच्याच नावे बचत गटात. पोरगी शाळेत जात असेल तर एका वहीत रोजची अंडी, खाद्य आणि विक्री लिहायला तिला सांगा. सहा महिन्यांनी ती वही उघडा. कोणती जात आपल्या परसात पोसते आणि कोणती नाही, हे त्या पानांवर स्पष्ट दिसेल, आणि पुढची पिल्ले त्याप्रमाणे घेता येतील.